यजमानांचे श्रवणयंत्र

मी लिहिते आहे ते घडलेले आहे. ज्यांना शंका घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

माझे वय एकाहत्तर. कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. त्यांतली चौदा वर्षे मुख्याध्यापिका होते. मुलांना भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या एका शिक्षिकेला मी तेव्हा लेखी ताकीद दिली होती. तिची आता मनोमन क्षमा मागते.

दिवस शिबिराचा चौथा. वेळ दुपारी तीनची. स्थळ म्हणजे परदेशातल्या एका दरिद्री खेड्यातली शाळा, आणि त्या शाळेची डावीकडून दुसरी खोली.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. बाहेर लख्ख ऊन होते, आणि खोलीत निदान पंधरा माणसे होती.

त्यांतले एकही माणूस घाबरले नाही.

मी सोडून.

माझी धाकटी सून श्रवणतज्ज्ञ आहे. तिची संस्था दरवर्षी अशा एखाद्या गावी जाते, बहिऱ्या माणसांचे कान तपासते आणि त्यांना श्रवणयंत्रे फुकट देते. ती यंत्रे नवी नसतात. घरातला म्हातारा माणूस गेला की त्याचा चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र कपाटात पडून राहते. टाकवत नाही आणि कोणाला वापरवतही नाही. अशी यंत्रे मागून आणायचे काम त्या वर्षी मी अंगावर घेतले होते. मी घरोघर गेले. लोक डोळे पुसत आणि डबी माझ्या हातावर ठेवत. एकशे बारा यंत्रे जमली.

थोडक्यात, त्या गावातल्या एकशे बारा जिवंत कानांत आम्ही मेलेल्या माणसांची यंत्रे बसवायला निघालो होतो.

तेव्हा मला यात काहीच वावगे वाटले नाही. आजही संस्थेला दोष देणार नाही. बाकीची एकशे बारा यंत्रे सुरळीत चालली.

हे प्रकरण एकशे तेराव्याचे आहे.

गाव खडीच्या खाणीवर जगत होते. एकच रस्ता, पिठासारख्या पांढऱ्या धुळीचा. त्यावरून दिवसभर खडीचे ट्रक जात. झाडांची पाने पांढरी, पत्र्याची छपरे पांढरी, माणसांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. शाळेला दोनच खोल्या होत्या. एकीत सून तपासणी करी आणि यंत्र बसवण्यासाठी कानाचे साचे घेई. दुसरीत मी बसवलेली यंत्रे चालू करून माणसांना ऐकण्याची सवय लावी.

यंत्रे दुरुस्त करणारा एक पन्नाशीचा गृहस्थ आमच्याबरोबर होता. त्याला सगळे ‘कानकोरणे’ म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई.

“आई, तुम्ही जरा सावलीत बसा, मी बघते,” सून म्हणाली.

“सावलीत बसायला मी एवढ्या लांब आलेली नाही. पुढचा नंबर कोणाचा?”

“मॅडम, इथं तरी शाळा भरवू नका,” कानकोरणे म्हणाला.

“तुझ्यासारखे विद्यार्थी भेटतात तोवर भरवणार. तोंडाला पावडर फासून काय बसलायस?”

“पावडर नाही हो, धूळ आहे. फुकटात गोरा होतोय.”

असे आमचे हसतखेळत चालले होते.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई आली. हडकुळी, हात दगडासारखे. तिच्या मनगटाला दोर होता. दोराचे दुसरे टोक एका नऊ वर्षांच्या मुलीच्या कमरेला बांधलेले होते.

गावच्या भाषेसाठी आमच्याकडे एक दुभाषीबाई होती. ती पूर्वी आमच्या देशात नर्सिंग शिकून गेली होती, म्हणून तिला मोडकीतोडकी हिंदी येई. मराठीचा मात्र एक शब्द येत नसे. हे लक्षात ठेवावे.

“दोर कशाला?” मी विचारले.

दुभाषीबाईने विचारून सांगितले. मुलगी जन्मापासून ठार बहिरी. थोरली बहीणही तशीच होती. ती ट्रकखाली गेली, कारण मागून आलेला ट्रक तिला ऐकू आला नाही. आई दिवसभर खाणीवर दगड फोडते. तोवर हिला खांबाला बांधून ठेवते. पाच वर्षे हेच चालले आहे.

“ती विचारतेय,” दुभाषीबाई म्हणाली, “यंत्र लावल्यावर दोर सोडता येईल का?”

मुलीच्या कमरेभोवती कातडी काळी आणि जाड झाली होती. बैलाच्या मानेला होते तशी.

“येईल म्हणून सांग,” मी म्हणाले.

सुनेने मान वर केली. “आई, तपासणीच्या आधी असं वचन देत नाहीत.”

“मग कर तपासणी.”

तिने केली. आवाज वाढवत वाढवत यंत्राच्या टोकापर्यंत नेला. मुलगी सुनेच्या बांगड्यांकडे बघत राहिली.

“काहीच नाही,” सून हळू आवाजात म्हणाली. “हिला फार ताकदीचं यंत्र लागेल, आणि त्यानंही कितपत ऐकू येईल, शंका आहे. तशी आपल्याकडं तीनच होती, ती दिली. पुढच्या वर्षी आणू.”

“पुढच्या वर्षापर्यंत ही खांबाला?”

सुनेने तपासणीचे यंत्र बंद केले.

मी माझी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून निळी डबी काढली.

ते आमच्या यांचे यंत्र होते. हे जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

“बाबांचं?” सून चपापली. “हे तुम्ही यादीत घातलंच नव्हतं. कानकोरणेकाकांनी उघडून बघितलंय का? तपासणीचा कागद कुठाय?”

“ताकदीचं आहे की नाही?”

“आहे, पण…”

“मग पण नको. यंत्र मी आणलेलं आहे, तेवढा कागद पुरे.”

आमच्या घरात मी बोलले की विषय संपतो. तिथेही संपला. सुनेने तात्पुरती मऊ गुंडी मुलीच्या कानात बसवली आणि ती पुढच्या माणसाला बघायला पलीकडच्या खोलीत गेली.

मी यंत्रात नवी बॅटरी घातली.

चालू यंत्र मुठीत धरले की ते बारीक शीळ घालते. ही त्याची पहिली परीक्षा. मी मूठ मिटली.

शीळ आली नाही.

मी लक्ष दिले नाही. यंत्र मुलीच्या कानामागे अडकवले आणि तिच्या पाठीमागे उभी राहून डमरू वाजवला.

काही नाही.

पुन्हा वाजवला. जोरात.

मुलगी हलली नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. दोर तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

आणि मग…

मुलीने मान वळवली.

डमरूच्या बाजूला नव्हे. दाराच्या कोपऱ्याकडे. तिथे कोणीही नव्हते.

ती ऐकत होती. एकतीस वर्षे मी मुलांचे चेहरे वाचले आहेत. ऐकणारा चेहरा मला लगेच ओळखू येतो. डोळे स्थिर होतात, ओठ किंचित सुटतात. लांबून कोणी हाक मारली तर माणूस तसा होतो.

तिने दोनदा मान हलवली. समजले, अशी.

मग ती माझ्याकडे वळली. आणि स्पष्ट आवाजात म्हणाली…

“अगं, माझा कान कुठाय?”

मराठीत.

जन्मापासून न ऐकलेल्या मुलाला ‘पापा’ म्हणायला शिकवताना शिक्षिकेचे एक वर्ष जाते. तो आवाजही नाकातून येतो, सपाट येतो. ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा बोलली आणि तिने आमच्या भाषेतले पूर्ण वाक्य म्हटले. ‘अगं’नंतर थोडी थांबली. वाक्य संपल्यावर दोन वेळा कोरडे खोकली.

हे तसेच थांबत. हे तसेच खोकत.

खोलीत एकच कल्लोळ झाला. मुकी पोर बोलली! आई जमिनीवर बसली आणि हमसून रडू लागली. लोक टाळ्या वाजवू लागले. कोणी फोटो काढले. मराठी समजणारे माझ्याशिवाय तिथे कोणीच नव्हते. सून आणि कानकोरणे पलीकडे होते.

दुभाषीबाईने माझा दंड धरला. “आई विचारतेय, काय म्हणाली? आमच्या भाषेत तर असा शब्द नाही.”

ते वाक्य मला कळले होते. पण मी मुख्याध्यापिका होते. सर्वांसमोर मला गडबडायची सवय नाही.

“ती ‘आई’ म्हणाली,” मी सांगितले. “आमच्या भाषेत. माझ्या ओठांकडे बघून शिकली.”

त्या बाईने माझे पाय धरले. मग उठली, मुलीच्या कमरेचा दोर सोडला, आणि खिडकीतून बाहेर भिरकावून दिला.

आता जे लिहिते ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

शेवटच्या वर्षी हे अंथरुणाला खिळले होते. मागच्या खोलीत असत. यंत्राशिवाय त्यांना ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. त्या यंत्राला ते ‘कान’ म्हणत. “माझा कान आण.” “माझा कान पुसून ठेव.” चेहरा सुकल्यामुळे साचा सैल झाला होता, आणि साचा सैल झाला की यंत्र सारखे शीळ घालते. बारीक, तीक्ष्ण, न थांबणारी शीळ.

थोरल्या नातीला बघायला मोठ्या घरचे पाहुणे आले होते. दोन दिवस मुक्काम होता. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी मागच्या खोलीतून ती शीळ सुरू झाली.

मुलाची आई म्हणाली, “कुकर लावलाय का हो?”

सगळे हसले.

मी उठले. आत गेले. यांच्या कानातून यंत्र काढले, बॅटरी काढली, आणि डबी कपाटात ठेवली.

“अगं, माझा कान कुठाय?”

मी हाताने खूण केली. नंतर.

ते नंतर आलेच नाही. दोन दिवस हे हाका मारत होते. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने कधी फार मोठ्याने, कधी अगदी पुटपुटल्यासारखे. पाहुण्यांना मी सांगितले, तापात बरळतात. घरच्यांनाही तेच सांगितले, आणि विश्रांती हवी म्हणून खोलीत जायची बंदी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला हाका थांबल्या. मी पाहुण्यांना चहा देत होते. सर्वांना निरोप देऊन साडेपाचला आत गेले.

नातीचे लग्न मात्र उत्तम जमले.

हे गेल्यावर सव्वा महिन्याने एके दुपारी मी एकटीच घरात होते. तीन वाजले होते.

आणि कपाटातून…

शीळ आली.

डबी उघडली. यंत्र रिकामे होते. बॅटरी नव्हती. तरी शीळ येतच होती, मी त्यावर उशी दाबून बसले तरी येत होती.

मग रोज. बरोबर तीनला. घरात दुसरे माणूस असले तरी. ऐकू मात्र मला एकटीलाच येई.

तेव्हा मी ते यंत्र दान केले, असे कोणी समजू नये. दानाची यंत्रे यादीत होती. हे मी पर्समध्ये घालून घराबाहेर काढले आणि जिथे टाकता येईल अशी जागा शोधत समुद्रापलीकडे गेले. स्पष्ट लिहायची सवय आहे म्हणून स्पष्ट लिहिते.

शिबिराच्या पाचव्या दिवशी ती बाई मुलीला पुन्हा तपासायला घेऊन आली. या वेळी मुलीचा हात धरून. सुनेने यंत्राला नळी जोडून स्वतःच्या कानाला लावली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने कानकोरणेला हाक मारली. त्याने यंत्र उघडले.

“मॅडम, यातली आवाजाची बारीक तार जळलीय. हे केव्हाच मेलंय.”

“मग मुलगी बोलली कशी?” मी विचारले.

“ते तुम्हीच सांगा. तुम्ही तिथं होतात.”

सून मला बाजूला घेऊन गेली. “आई, तिला काहीही ऐकू येत नाहीये. मी आत्ता रस्त्यावर उभी करून ट्रकचा हॉर्न वाजवायला लावला. तिनं मान वळवली नाही. आणि त्या बाईनं दोर सोडलाय! ती पोर चिरडली जाईल. यंत्र काढून घ्या, आणि खरं सांगून टाका.”

“मी सांगते. तू पुढचा रुग्ण घे.”

मी त्या मायलेकींना आणि दुभाषीबाईला शाळेमागे नेले. दूर खडीचे यंत्र धडधडत होते. मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. एकटक माझ्याकडे बघत.

आदल्या रात्री मी गाढ झोपले होते. जवळजवळ दहा महिन्यांत पहिल्यांदा. कारण त्या दिवशी दुपारी तीनला शीळ वाजली नव्हती.

ती आता हिच्यापाशी होती.

“सांग तिला,” मी दुभाषीबाईला म्हणाले, “यंत्र उत्तम आहे. कधीही काढू नकोस. झोपतानासुद्धा नाही.”

बाईने यंत्राला हात लावून तो कपाळाला लावला.

परत आल्यावर सुनेने विचारले, “घेतलं काढून?”

“घेतलं.”

एवढेच.

घरी आल्यावर घर शांत होते. दुपारचे तीन वाजत आणि जात. मी कपाट आवरले. मागच्या खोलीचे पडदे बदलले. पत्त्यांचा डाव पुन्हा सुरू केला.

एक महिन्याने दुभाषीबाईचा संदेश आला. नंबर मीच तिला दिला होता, आणि शिबिर संपल्यावर तिनेही नवा फोन, नवा नंबर घेतला होता. सोबत छोटी चित्रफीत. एका पत्र्याच्या खोलीत ती मुलगी खाटेवर बसलेली. केस नीट विंचरलेले. कानामागे यंत्र.

ती म्हणाली…

“तहान लागलीय गं. घसा सुकला.”

खाली लिहिले होते : आई विचारते, काय म्हणते? ती आता रोज बोलते. दुपारी. सगळा गाव बघायला येतो.

मी उत्तर लिहिले : ती म्हणते, आई, तू मला फार आवडतेस.

हात जोडल्याची पाच चित्रे आली.

आठ दिवसांनी दुसरी. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

“बाहेर कोण आलंय? मला कुणी सांगत का नाही?”

काय म्हणते? काय म्हणते?

ती म्हणते, माझी आई जगात सगळ्यांत चांगली आहे.

अशा सात चित्रफिती आल्या. सातही वेळा मी त्या बाईला तिला हवे ते ऐकवले. तिने शेजारणींना सांगितले असेल. खाणीवर दगड फोडताना मनाशी घोळवले असेल. तिच्या आयुष्यात कोणी तिच्याशी इतके गोड बोलले नसावे.

आठवी चित्रफीत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हाताला कणीक होती, म्हणून फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

ती रस्त्यावर काढलेली होती. धुळीचा लोट. मुलगी भर रस्त्याच्या मधोमध चालली होती. मागून ट्रक हॉर्न वाजवत येत होता. तिने मान वळवली नाही. ड्रायव्हरने ब्रेक मारला, उतरून शिव्या दिल्या. मुलगी चालतच राहिली. आणि चालता चालता म्हणाली…

“राहू दे. मीच येतो तिकडं.”

‘येते’ नव्हे. ‘येतो’.

मग दोन वेळा कोरडा खोकला.

मागे भांडे पडल्याचा आवाज झाला.

दारात सून उभी होती.

“हा बाबांचा खोकला आहे,” ती म्हणाली.

मी फोन उचलला.

“आई, यंत्र काढून घेतलं म्हणालात ना?”

“तुझं दूध उतू जातंय.”

“जाऊ दे दूध! ती मुलगी मराठी बोलतेय. ती… तिनं काय म्हटलं ते ऐकलं मी. बाबा शेवटच्या दिवशी हेच ओरडत होते. मी जिन्यात उभी होते, तुम्ही मला वर पाठवलंत.” ती पुढे आली. “तेव्हा त्यांचं यंत्र कुठं होतं, आई?”

“तू या घरची सून आहेस. वकील नाहीस.”

“कुठं होतं?”

मी फोन पदराखाली घेतला. या घरात मला असा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

ती शांतपणे म्हणाली, “ठीक आहे. त्या बाईला आत्ता कळवा, यंत्र काढा म्हणावं. पोर मरेल. नाहीतर मी उद्या संस्थेतून नंबर काढते.”

मी माझ्या खोलीत गेले. दार लावले. फोनवर त्या बाईचा प्रश्न तसाच होता. दुभाषीबाईने या वेळी लांबलचक लिहिले होते :

रोज दुपारी ती उठते आणि याच दिशेने चालू लागते. शहराकडे, विमानतळाच्या बाजूला. दोनदा ट्रकखाली येता येता वाचली. आई कामावर जाऊ शकत नाही. काय म्हणते ते सांगा. तिला काही हवे असेल तर आई आणून देईल. यंत्र काढून बघू का?

यंत्र काढून बघू का.

‘काढा’ असे दोन अक्षरी उत्तर पुरेसे होते.

पण संस्थेचा एक नियम आहे. न लागलेले यंत्र ज्याने दिले त्याच्या घरी परत पाठवायचे. दुभाषीबाई नियमाला पक्की होती. डबी आठ दिवसांत माझ्या दारी आली असती.

मी बराच वेळ बसले. विचार करत होते असे म्हणता येणार नाही. ठरलेलेच होते.

मी लिहिले : यंत्र काढू नका. काढले तर वाचा पुन्हा जाईल. ती म्हणते, मला फिरायला आवडते. पण रस्ता धोक्याचा आहे. दोर पुन्हा बांधा.

उत्तर यायला वेळ लागला. पहिल्यांदाच.

मग आले : आई रडते आहे. विचारते, नक्की का?

मी लिहिले : नक्की. माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

संध्याकाळी चित्रफीत आली. मुलगी खाटेवर बसली होती. कमरेला दोर. दोर नवा होता, पहिल्यापेक्षा जाड. आईचा हात एका बाजूला दिसत होता, गाठ ओढून बघणारा. मुलगी रडली नाही. धडपडली नाही. तिने एकदा दोराकडे बघितले.

मग थेट माझ्याकडे.

आणि म्हणाली…

“दार लावू नकोस.”

वर मी सगळे सांगितले आहे, पण एक गोष्ट गाळली होती. पाहुण्यांच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी, तीनच्या जरा आधी, मी पुन्हा एकदा यांच्या खोलीपाशी गेले होते. हाका बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून. यांनी मला बघितले. कपाटाकडे हात केला. मी नाही अशी मान हलवली आणि दार ओढून घेतले. तेव्हा हे एवढेच म्हणाले होते. तिथे कोणी नव्हते. हे वाक्य ऐकणारी जगात मी एकटी आहे.

यांचे ते शेवटचे वाक्य.

खाली नेहमीचा प्रश्न होता : काय म्हणते?

मी लिहिले : ती म्हणते, आई, मला इथे सुरक्षित वाटते.

सुनेने संस्थेत चौकशी केली. त्यांच्याकडे दुभाषीबाईचा जुना नंबर आहे, तो लागत नाही. नवा फक्त माझ्या फोनमध्ये आहे आणि फोन माझ्या उशीखाली असतो. संस्थेचा माणूस तिकडे पुढच्या महिन्यात जाणार आहे. सून माझ्याशी बोलते, वेळेवर जेवायला वाढते. फक्त ‘आई’ म्हणत नाही.

घर अजूनही शांत आहे. दुपारचे तीन वाजतात, मी श्वास धरून बसते, आणि काही होत नाही.

परवा शेवटचा संदेश आला. चित्रफीत नव्हती. फक्त दोन ओळी होत्या.

ती आता बोलत नाही. काही खात नाही. नुसती दाराकडे बघत असते. आई विचारते, आता काय करू?

मी तो उघडून वाचला. उत्तर दिलेले नाही.

मी वाचला आहे, हे तिला तिकडे दिसत असेलच.